आपल्याच हाताचा काप

काडीबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गावाला पाणी पुरवणाऱ्या टाक्यांभोवती मोठी बाग होती, तिथे पस्तीस वर्षं ते माळी होते. हिवाळ्यात कुणी बागेतून जाताना विचारलं, "अहो, हे झाड वाळलं का हो?" तर बुवा काही न बोलता फांदीच्या सालीवर नख ओढत. खाली हिरवं दिसलं की ती काडी विचारणाऱ्याच्या नाकाशी धरत आणि म्हणत, "झोपलंय. उठवू नका." त्यावरून काडीबुवा. ऑफिसातला कारकून म्हणायचा, "आमचे बुवा कुणाच्या काड्या करत नाहीत, फक्त छाटतात." हा विनोद तो दर वर्षी छाटणीच्या दिवसांत करायचा आणि बुवा दर वर्षी हसायचे, कारण रजेचे अर्ज कारकुनाच्या हातात असायचे.

नोकरी सुटून अकरा वर्षं झाली. आता बुवांची बाग म्हणजे घरामागचं अंगण. स्वयंपाकघराचं दार उघडलं की तीन पायऱ्या, मग नळ, नळापासून मागच्या भिंतीला लागून ओळीनं अकरा गुलाब, कोपऱ्यात अंजीर, आणि अवजारांच्या खोपटावर चढलेला द्राक्षाचा वेल. एवढंच. पण माई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "एवढ्याशा अंगणात तुम्ही दिवसभर काय करता हे देवालाच ठाऊक. मी दोन खोल्या झाडून, पुसून, स्वयंपाक करून मोकळी होते, आणि तुमचा एक गुलाब होत नाही."

"झाडूचं आणि झाडाचं एक नसतं," बुवा म्हणायचे.

खरं म्हणजे गुडघे ऐकत नव्हते. म्हणून त्यांनी हिवाळी छाटणीचा नेम करून ठेवला होता. रोज सकाळी ऊन भिंतीवर आलं की दोन गुलाब. दोनच. नळाकडून सुरुवात, भिंतीच्या टोकाला शेवट. मग दुपारी जेवण, गुडघ्याची नवी गोळी, आणि त्या गोळीनं येणारी गाढ झोप.

त्या वर्षी सोमवारी पहिले दोन गुलाब झाले. मंगळवारी तिसरा आणि चौथा. बुधवारी सकाळी बुवा कोट घालून, लोकरी टोपी कानांवर ओढून, पाठ चोळत चोळत पाचव्याशी गेले आणि उभेच राहिले.

पाचवा गुलाब छाटलेला होता. सहावाही.

बुवांचं पहिलं काम म्हणजे चिडणं. "कुणी हात लावला रे माझ्या झाडांना?" असं ते मोकळ्या अंगणालाच म्हणाले. भिंतीपलीकडून कुणी उडी मारून आलं असेल, दांडगी पोरं असतील, नाहीतर शेजारच्या कंपाउंडरला मदत करायची हुक्की आली असेल. कंपाउंडरनं छाटलं असेल तर झाड गेलंच म्हणून समजा, हा माणूस नखं कापतानाही रक्त काढतो. असं पुटपुटत बुवांनी चष्मा नाकावर चढवला आणि काप बघायला वाकले.

आणि वाकलेलेच राहिले.

काप बरोबर होता. नुसता बरोबर नाही, त्यांचा होता. बाहेरच्या बाजूला बघणारा डोळा, म्हणजे अंकुराची गाठ, निवडलेला, त्याच्यावर पाव पेर सोडलेलं, आणि काप डोळ्याकडून मागे उतरता, म्हणजे पाणी डोळ्यावर न साचता मागच्या बाजूनं ओघळून जाईल असा. मधल्या एकमेकांवर घासणाऱ्या काड्या मुळाशी काढलेल्या. प्रत्येक कापावर मोरचूद आणि चुन्याची निळसर पेस्ट, ब्रशचा एकच फटकारा. आणि झाडाच्या बुंध्याशी छाटलेल्या काड्यांची जुडी, शेंडे सगळे एकीकडे, सुतळीचे दोन वेढे आणि ओढली की सुटणारी गाठ.

जुडी अशी बांधणारा माणूस जगात एकच होता. टाक्यांच्या बागेतले दुसरे माळी काड्या नुसत्या ढिगात फेकायचे आणि बुवांना हसायचे, "काडीबुवा, त्यांना वेणीही घाला."

बुवांनी स्वतःचे हात बघितले, जणू हातच काहीतरी सांगतील. मग ते नळाच्या ओट्यावर बसले. मंगळवार त्यांनी मनात उलटासुलटा केला. तिसरा छाटला, चौथा छाटला, माईनं हाक मारली, भात आणि आमटी जेवलो, गोळी घेतली, झोपलो. उठलो तेव्हा ऊन गेलं होतं. चहा. मग लेकीचा फोन. मध्ये पाचवा आणि सहावा कुठे बसतात? कुठेच बसत नव्हते.

भीतीला नाव होतं, आणि ते बुवांना ठाऊक होतं. दादा.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा. डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढा स्क्रू चिमट्यात धरणारा माणूस. सत्तरीच्या आसपास त्यानं एकदा घरातलं भिंतीवरचं घड्याळ साफ करायला उघडलं. संध्याकाळी सगळे भाग कापडावर मांडलेले, आणि दादा त्यांच्याकडे बघत बसलेला. पुढे दोन वर्षं तो बुवांच्याच घरी होता. माई त्याला भरवायची, बुवा त्याला अंघोळ घालायचे. दादानं धाकट्या भावाला जन्मभर "ए माकडा" म्हणून हाक मारली होती. एके दिवशी अंग पुसून घेताना तो अदबीनं म्हणाला, "तुम्ही फार कष्ट घेता हो माझ्यासाठी. तुम्ही कोण?"

शिवी दिली असती तर चाललं असतं. ती अदब बुवांना अजून झोपेत ऐकू येत असे.

त्या बुधवारी बुवा माईला काही बोलले नाहीत. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण माई लसूण सोलत होती, तिनं मान वर करून नुसतं "हं?" म्हटलं, आणि बुवांनी विचारलं, "भाजीला काय आहे?"

"समोर कोबी चिरून ठेवलाय, दिसत नाही का?"

दिसत होता. तरी बुवांनी तो वाकून पुन्हा एकदा बघून घेतला.

मग बुवा स्वतःवरच पाळत ठेवू लागले. हातपाय धुताना सतराचा पाढा. बसस्टॉपपासून घरापर्यंतची दुकानं ओळीनं. टाक्यांच्या बागेतल्या सगळ्या साहेबांची आडनावं. सगळं येत होतं. सतरा नव्वे त्रेपन्नासे, सतरा दाहे सत्तरासे, घडाघडा. पण दादालाही पाढे शेवटपर्यंत येत होते. माणसं जात होती, पाढे राहत होते.

त्या दिवशी त्यांनी झाडाला हात लावला नाही. कात्री पुसली, फडक्यात गुंडाळली आणि दुपारी झोपताना उशीखाली ठेवली. छाटणार असलो झोपेत, तर आधी ही काढावी लागेल, आणि काढताना जाग येईल, असा त्यांचा हिशेब.

उठले तेव्हा कात्री उशीखालीच होती. बुवांना इतकं बरं वाटलं की ते चहा न घेताच मागच्या दारात गेले. पायऱ्यांवर त्यांचे रबरी बूट होते, नेहमीसारखे भिंतीला टेकवून. बुटांना ओली माती होती.

सकाळनंतर बुवांनी बूट घातले नव्हते.

त्यांनी दारामागच्या खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला. बोटाला काटा बोचला. ताजा, हिरवट, टोकाला अजून ओल असलेला गुलाबाचा काटा. आणि भिंतीशी सातवा आणि आठवा गुलाब छाटून, निळे ठिपके लावून, जुड्या बांधून तयार.

म्हणजे आपण झोपेत उठतो. कोट घालतो, बूट घालतो, कात्री काढतो, दोन झाडं छाटतो, काही चुकत नाही, कात्री पुसून परत उशीखाली ठेवतो आणि झोपतो. आणि त्यातलं एक अक्षर आठवत नाही. चूक झाली असती तर निदान म्हणता आलं असतं, दुसऱ्या कुणी केलंय. पण एकही चूक नव्हती.

"देवा," बुवा मनात म्हणाले, "गुडघे घेतलेस, घे. दात घेतलेस, ते काय कामाचे होते. पण हे नको. मला हिला 'तुम्ही कोण' असं विचारायला लावू नकोस." देवाकडे मागायची त्यांना सवय नव्हती. रोज नुसतं हात जोडून ते कामाला लागायचे. त्यामुळे मागून झाल्यावर त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

गुरुवारी ते भिंतीशी गेले. पलीकडे कंपाउंडर उन्हात बसून कान कोरत होता. दवाखान्यातली नोकरी सुटून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण अख्ख्या गल्लीचं दुखणं आधी त्याच्याकडे आणि मग डॉक्टरकडे जायचं.

"काय हो," बुवा म्हणाले, "माझा एक मित्र आहे. टाक्यांवरचा."

"बरं."

"त्याला हल्ली आठवत नाही. म्हणजे सगळं आठवतं, पण केलेलं काम आठवत नाही. झोपेत करतो म्हणे."

"काय काम करतो?"

"असंच... आपलं... लाकडाचं."

कंपाउंडरनं कानातली काडी काढली, तिच्याकडे बघितलं आणि मग बुवांकडे. "बुवा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

"माझं काही नाही हो. मित्राचं म्हणतोय."

"मग मित्राला सांगा, जो विसरतो म्हणून घाबरतो तो विसरलेला नसतो. खरा विसरणारा मजेत असतो. त्याचा बिनघोर संसार, ताप बाकीच्यांना."

"खरं?"

"चाळीस वर्षं गोळ्या बांधल्यात मी. खोटं कशाला सांगू? मित्राला म्हणावं, डॉक्टरला दाखव. आणि मित्राच्या बायकोला म्हणावं, लोणच्याची बरणी भिंतीवरून इकडे दे, बरेच दिवस झाले."

बुवा हसले. घराच्या पायरीपर्यंत हसू टिकलं. मग त्यांना आठवलं, दादाही आधी घाबरला होता. सुरुवातीच्या महिन्यांत त्याच्या प्रत्येक खिशात चिठ्ठी असायची. गॅस बंद केला. किल्ली डाव्या खिशात. धाकट्याला दोन मुली नाहीत, एकच. त्या चिठ्ठ्या माईनं धुतलेल्या कपड्यांतून काढल्या होत्या. मजेत तो नंतर झाला.

त्या दुपारी बुवांनी गोळी जिभेखाली धरली आणि माईची पाठ वळल्यावर खिडकीतून टाकून दिली. पण नुसत्या जागं राहण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी खोपटातून सुतळी आणून ठेवली होती. पलंगावर आडवं होऊन त्यांनी सुतळीचं एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि दुसरं पलंगाच्या दांडीला. गाठ पक्की मारली, ओढली की सुटणारी नव्हे. वर पांघरूण घेतलं. बहात्तर वर्षांचा माणूस, स्वतःलाच दावणीला बांधून पडलेला. आता उठ, कसा उठतोस बघू.

गोळी नव्हती तरी पांघरुणाची ऊब होती. डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं. कट्. कट्.

बुवांनी डोळे उघडले नाहीत. कट्. कट्. मग थांबणं. मग कात्री मांडीवर एकदा टेकवल्याचा दबका आवाज, थप्. पुन्हा कट्.

तो आवाज त्यांच्या अंगातला होता. दोन काप, जरा मागे सरून बघणं, कात्री मांडीवर एकदा टेकवणं, मग पुढचा काप. गेली पन्नास वर्षं ते असंच करत आले होते. त्यांनी पाय हळूच ओढला. सुतळी ताणली. अंगठ्याला बसली. बांधलेली होती. म्हणजे बुवा पलंगावर होते. आणि बाहेर बुवा गुलाब छाटत होते.

असं म्हणतात की भीतीनं माणूस ओरडतो. बुवांनी पांघरुणाचं टोक दातांत धरलं. वेड लागलं असेल तर हे असंच असतं का? आत एक, बाहेर एक? दादाला शेवटी असंच दिसत होतं का, आणि आपण त्याचे हात धरून "काही नाही रे, काही नाही" म्हणत होतो?

ते धडपडत उठले, सुतळी विसरले, आणि अंगठ्याला असा हिसका बसला की पलंगासकट फूटभर सरकून गुडघ्यावर आपटले. तसेच सुतळी ताणून, खिडकीच्या गजांना धरून वर आले.

भिंतीशी, नवव्या गुलाबापुढे, त्यांचा कोट घातलेला कुणीतरी पाठमोरा वाकलेला होता. त्यांची लोकरी टोपी. त्यांचे रबरी बूट. पाठीचा तोच बाक. कट्.

"ए!" बुवा ओरडले. पण तो आवाज म्हाताऱ्या शेळीसारखा निघाला.

वाकलेलं माणूस दचकून सरळ झालं, वळलं. टोपीखालून पांढरी बट, तिच्याखाली माईचा घाबरलेला चेहरा.



"अहो, तुम्ही गोळी घेतली नाहीत?" माई म्हणाली.

"अगं..." बुवा म्हणाले, आणि मग त्यांना रडू आलं की हसू, त्यांचं त्यांनाच कळेना. ते गजाला धरून खाली बसले.

माई धावत आली. धावत म्हणजे त्या बुटांतून जेवढं धावता येतं तेवढं, फताक फताक करत. खोलीत आली तर नवरा जमिनीवर, पाय पलंगाला बांधलेला.

"हे काय? कुणी बांधलं तुम्हाला?"

"मीच."

"कशाला?"

"पळून जाऊ नये म्हणून. तू कशाला माझा कोट घातलास?"

"मग काय साडीवर काट्यांत जाऊ? माझं स्वेटर उसवतं."

"अगं पण कात्री? कात्री माझ्या उशीखाली होती!"

"ती तुमची नवी. माझ्याकडे तुमची जुनी आहे, स्प्रिंग मोडलेली. दोरीनं बांधून चालवते." तिनं कोटाच्या खिशातून ती काढून दाखवली. मग त्यांच्या अंगठ्याशी बसली आणि सुतळीची गाठ नखांनी सोडवू लागली. "केवढी घट्ट मारलीय ही. अंगठा काळा पडला असता."

बुवा तिच्या पांढऱ्या भांगाकडे बघत होते. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता आणि त्या जागी संताप चढू लागला होता. "मला वाटलं मी झोपेत करतोय. दोन दिवस माझा जीव टांगणीला लागलाय! मला वाटलं माझं दादासारखं झालं! आणि तुला काप कुणी शिकवला? जुडी कुणी शिकवली?"

"शिकवायला कशाला हवं? चाळीस वर्षं तुमच्या बाजूला उभी राहून सुतळी कापून देतेय मी. आंधळी आहे का?"

"मग सांगायचं होतंस! मी छाटलं म्हणून सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं असतं? मी म्हटलं, झालेलं दिसलं की तुम्हाला वाटेल आपणच केलं. बरं वाटेल."

"वाटलंच ना मला! आपणच केलं असं वाटलंच! तेच वाटलं म्हणून तर मेलो ना मी!"

माईच्या हातातली सुतळी थांबली. तिनं वर बघितलं, आणि बुवांना दिसलं की ती घाबरलेली आहे. आत्ता घाबरलेली नव्हे. बरेच दिवस घाबरलेली.

"अगं," बुवांचा आवाज खाली आला. "पण तू का छाटत होतीस? मी छाटतच होतो की. रोज दोन."

गाठ सुटली होती, तरी माईची बोटं तिथेच चाळा करत राहिली.

"सांग."

"दारापुढचा मोगरा आठवतो?"

"हो. गेल्या महिन्यात शेळीनं खाल्ला तो. मुळापर्यंत."

"शेळी नव्हती हो."

बुवांनी पाय जवळ ओढून घेतला.

"सकाळी तुम्ही छाटलात," माई हळूहळू म्हणाली. "छान छाटलात. दुपारी मी दळण घेऊन आले तर तुम्ही पुन्हा छाटत होता. मी म्हटलं असेल काही राहिलं. संध्याकाळी दिवा लावायला दारात गेले तर तुम्ही तिसऱ्यांदा वाकलेले. मी म्हटलं, अहो, आता काय उरलंय? तर तुम्ही म्हणालात, आत्ताच तर सुरू केलंय. आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारलंत, मोगरा कुणी खाल्ला?" तिनं पदरानं नाक पुसलं. "मला वाटलं, गुलाब तुमचा जीव आहेत. ते असे गेले तर तुम्ही हाय खाल. म्हणून म्हटलं, तुमच्या हातून छाटायच्या आत आपणच छाटून ठेवावेत. छाटलेल्याला तुम्ही पुन्हा हात लावणार नाही, एवढे नीट छाटले तर."

अंगणात कुठेतरी पाण्याचा थेंब बादलीत पडत होता. बुवांनी मोगरा शोधला. मनात सगळीकडे शोधला. शेळी दिसत होती. शेळीचा रंगही दिसत होता, तपकिरी, एक कान पांढरा. स्वतःचा हात मात्र कुठेच दिसत नव्हता.

"शेळी मला दिसतेय गं," ते म्हणाले.

"असू दे."

"लेकीला माहीत आहे?"

"सांगितलंय. सोमवारी डॉक्टरची वेळ घेतलीय तिनं. ती येणार आहे रविवारी. मी तुम्हाला आज सांगणारच होते."

"कधी?"

"रोजच आज सांगणार होते."

बुवांनी तिचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दिवसाउजेडी असा हात धरायची त्यांच्या घरात रीत नव्हती. माईनं हात सोडवून घेतला नाही. तिच्या अंगठ्याला निळी पेस्ट लागलेली होती, काटे बोचल्याचे बारीक लाल ठिपके होते. भीती गेली नव्हती. इतके दिवस ती एकेकट्याच्या पोटात होती, आता दोघांच्या मध्ये बसली होती, एवढाच फरक.

शुक्रवारी सकाळी दोघंही बाहेर आली. ऊन भिंतीवर आलं होतं. उरलेले दोन गुलाब बुवांनी छाटले आणि माई शेजारी सुतळी घेऊन उभी राहिली. एकेक झाड झालं की ती म्हणायची, "झालं हं. हे झालं." आणि बुवा "झालं" म्हणून पुढे सरकायचे. दहाव्याशी ते मुद्दामच पुन्हा वाकल्यासारखं करून तिच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघू लागले.

"पाठीत रट्टा घालीन," माई म्हणाली. भिंतीपलीकडून कंपाउंडरचा खोकला ऐकू आला. "आणि तुम्ही काय ऐकताय तिकडून? लोणचं हवं तर दारानं या!"

गुलाब झाले. राहिला वेल. वेलाला माईनं हात लावला नव्हता. गुलाबाचं तिला बघून बघून येत होतं, पण वेलाची कुठली काडी जुनी आणि कुठली गेल्या वर्षीची, हे तिला कळत नव्हतं, आणि द्राक्ष येतं ते गेल्या वर्षीच्या काडीवर. ते चुकलं की वर्ष गेलं. शिडीवर चढायचं म्हटलं तर बुवांचे गुडघे नाही म्हणत होते. मग माई शिडीवर चढली, बुवांचा कोट घालून, आणि बुवांनी खाली शिडी धरली.

"ती नाही, ती खडबडीत आहे, साल सुटलेली. तिच्या शेजारची बघ, गुळगुळीत, तांबूस. हां. तिच्या मुळाशी दोन डोळे मोज आणि दुसऱ्याच्या वर काप."

कट्.

"नख लाव. हिरवं आहे?"

"आहे."

"मग पुढे."

असं चाललं. बुवा बोलत होते आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं, सगळं येत होतं, बोटाच्या पेरापेरातून येत होतं. खोपटाच्या पत्र्यावर काड्या टपटप पडत होत्या. अर्ध्यावर आल्यावर ते वर बघत, शिडीच्या पायरीवर हात ठेवून, सहज म्हणाले, "केवढा झालाय गं हा. आपण लावला कधी?"

माईनं वरून खाली बघितलं. तिच्या हातातली कात्री अर्धी उघडी राहिली.

बुवांना तिचे डोळे दिसले. जिभेवर लगेच आलं, "चेष्टा केली." अगदी ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं.

"चेष्टा नाही," ते म्हणाले. "खरंच आठवत नाही. बघतोय, पण नाही."

ती एक पायरी खाली उतरली, म्हणजे तिचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याशी आला.

"लेक चौथीत होती," ती म्हणाली. "तिला गोवर आला होता, म्हणून तुम्ही लवकर घरी आलात. टाक्यांवरच्या वेलाची छाटलेली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलीत. तिला म्हणालात, ही काडी तुझ्यासारखी झोपलीय, दोघीही उठा बघू. ती रोज खिडकीतून बघायची, फुटली का, फुटली का. तिचे डाग गेले त्याच आठवड्यात पहिला डोळा फुटला."

बुवा ऐकत होते. लेकीच्या अंगावरचे डाग त्यांना दिसले, किंवा दिसल्यासारखे वाटले. काडी दिसली नाही.

"हं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगशील?"

"सांगेन की. मला दुसरं काय काम आहे?" माई डोळे पुसून पुन्हा वर चढली. "आता ही डावीकडची. तांबूस आहे, पण दोनाऐवजी तीन डोळे दिसतायत. कुठे कापू?"

"थांब," बुवा म्हणाले. त्यांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान वर केली. "नीट बघू दे."